कर्ज उंबरठ्याला नसते!

वाशिममध्ये भाड्याची खोली घेतली की घरमालक किल्ली देतो, मीटरचा आकडा लिहून देतो, नळ कधी येतो ते सांगतो. आधीचा भाडेकरू हप्ते थकवून गेला आहे, हे मात्र तो सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसते. महिना-दीड महिन्याने दाराच्या फटीतून एक पाकीट आत येते. नाव परक्याचे, पत्ता आपला. वर मोठ्या अक्षरांत ‘अंतिम सूचना’. मग कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या वकिलाची नोटीस येते. मग लोकअदालतीचा कागद येतो. आणि एका दुपारी, घरचा माणूस कामावर असताना, दुचाकीवरून दोन तरुण येतात आणि दारात उभे राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पैसे मागतात.

लाखाळ्यात विचारा, आययूडीपी कॉलनीत विचारा, पुसद नाक्याच्या पलीकडच्या नव्या वस्त्यांत विचारा. घरातली बाई हात जोडून सांगते, “अवो भाऊ, थो मानूस दोन सालं झाले गेला. आमाले कायले धरता?” आणि उत्तर ठरलेले असते : “पत्ता तर हाच आहे ना!”

पत्ता हाच आहे! या उद्दाम वाक्याविरुद्ध आज आम्ही लेखणी उचलली आहे. कर्ज हा दोन पक्षांमधला करार असतो. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने घेतले, दोघांनी सह्या केल्या, जामीनदार असेल तर त्यानेही केली. या सह्यांच्या बाहेरचा माणूस त्या कर्जाला बांधील नाही. कर्जदाराचा सख्खा मुलगासुद्धा बापाच्या मागे जे वारशाने हाती आले तेवढ्यापुरताच जबाबदार धरला जातो, त्यापुढे एका पैशालाही नाही. मग ज्याने त्या कर्जदाराचे तोंडही पाहिलेले नाही, ज्याचा त्याच्याशी संबंध एवढाच की त्याने रिकामी केलेली खोली याने भाड्याने घेतली, त्याच्याकडे पैसे मागण्याचा अधिकार या लोकांना दिला कोणी? कायद्याने दिला नाही, न्यायालयाने दिला नाही, रिझर्व्ह बँकेने दिला नाही. तो त्यांनी स्वतःच घेतला आहे, आणि समोरचा माणूस घाबरतो म्हणून तो आजवर टिकला आहे.

ही चूक नजरचुकीने होते असे समजून कोणी गप्प बसू नये. हिच्यामागे हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांची फेरतपासणी ठरावीक मुदतीने करायची असते : जास्त जोखमीच्या ग्राहकाची २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची १० वर्षांनी. आणि आपल्याकडे भाड्याचा करार असतो ११ महिन्यांचा. वहीतला एक पत्ता १० वर्षे जुना होईपर्यंत त्या खोलीत एकामागून एक १० भाडेकरू येऊन गेलेले असू शकतात. पत्ता बदलला की कळवण्याची जबाबदारी कर्जदाराचीही आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण कर्जदाराने कसूर केली म्हणून शिक्षा पुढच्या भाडेकरूला, हा कुठला न्याय?

त्यात हल्ली थकलेली कर्जे ढिगाने विकली जातात. ज्याने कर्ज दिले त्याने निदान कर्जदाराला एकदा समोर बसवलेले असते. ज्याने ते विकत घेतले त्याच्याजवळ फक्त यादी असते : नाव, रक्कम, पत्ता, ४४४५०५ हा पिनकोड. तो ही यादी वसुली एजन्सीच्या हवाली करतो. एजन्सीला मोबदला वसुलीवर मिळतो, माणूस शोधण्यावर नाही. हरवलेल्या कर्जदाराला पुण्यात किंवा सुरतेत हुडकायचे तर वेळ जातो, पैसा जातो. जुन्या दारावर जाऊन तिथे जो कोणी असेल त्याला दरडावायला दुचाकीत टाकलेल्या पेट्रोलपलीकडे काही लागत नाही. शंभर दारांपैकी दोन दारांतून कोणी भीतीपोटी हजार-पाचशे हातावर ठेवले, तरी त्यांची फेरी वसूल होते. हा त्यांचा धंदा आहे, आणि तो आमच्या गल्लीतल्या माणसांच्या भीतीवर चालतो.

ही पत्रे थांबत का नाहीत, याचे कारण तर याहून संतापजनक आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचे कलम २७ असे की, योग्य पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले की, उलट काही सिद्ध होईपर्यंत, ते पोचले असे समजायचे. दारे बंद करून नोटीस चुकवणाऱ्या लबाडांसाठी ही तरतूद होती आणि तिचे कारण रास्त होते. पण तिचा आधार घेऊन आज असे झाले आहे की पत्र वाचले जावे ही पाठवणाऱ्याची गरजच उरलेली नाही. ते टपालात पडले, पावती मिळाली, फाईलीला कागद लागला, काम संपले. पत्ता चुकीचा निघाल्याने पाठवणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते दार उघडणाऱ्याचे.

आणि चूक त्यांना कळत नाही असेही नाही. पोस्टमनला आपल्या बीटातला माणूस न् माणूस ठाऊक असतो. तो पाकिटावर शेरा मारतो, ‘पत्ता सोडून गेले’, आणि पाकीट परत पाठवतो. सरकारी नोकराच्या हातचा, तारखेनिशी, शिक्क्यानिशी मारलेला हा शेरा आहे. तो वाचून यादीतला पत्ता खोडायला हवा की नको? पुढच्या महिन्यात त्याच नावाचे, त्याच पत्त्यावर दुसरे पाकीट येते. मग पाठवणारे शहाणे होतात आणि पोस्ट सोडून कुरिअरने धाडू लागतात. कुरिअरवाला शेरा मारत नाही. तो पाकीट दाराखालून सरकवतो आणि निघून जातो.

वाशिमच्या माणसाला कागदाची भीती का वाटते, हे या शहरी कंपन्यांना कधी कळणार नाही. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याला आठ वर्षे होतात न होतात तोच, २००६ साली, पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यांत वाशिमचे नाव होते. इथे कर्जाच्या नोटिसेनंतर घरात काय घडू शकते, हे पोराबाळांना ठाऊक आहे. सोसायटीचा माणूस, पतसंस्थेची सहकार कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस, वसुली दाखला, जप्ती, हे शब्द इथल्या माणसाने लहानपणीच ऐकलेले असतात. अशा घरात परक्याच्या नावाचे का होईना, लाल अक्षरांचे पाकीट पडते तेव्हा म्हातारी आई जेवत नाही. पोरगा रात्री उठून मोबाइलवर ‘घरावर जप्ती येते का’ असे शोधत बसतो. तुमच्या यादीतली ती एक ओळ असते. इथे तिने घराची झोप उडते.

त्यात कागद इंग्रजी. बिगरबँक वित्त कंपन्यांच्या आचारसंहितेत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहिले आहे की कर्जदाराशी सगळा व्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत झाला पाहिजे. रिसोडच्या, मालेगावच्या, मंगरूळपीरच्या माणसाला इंग्रजीत पाच पानी नोटीस धाडून कुठली समज देता? ती समजावी म्हणून धाडलेलीच नसते. ती वाचता येत नाही म्हणूनच ती जास्त भिववते, आणि ती वाचून घ्यायला माणूस कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे शंभर रुपये मोजतो. परक्याच्या कर्जापायी त्याच्या खिशातून गेलेली ही पहिली रक्कम असते.

लोकअदालतीच्या कागदाबद्दलही बोलले पाहिजे. दावा दाखल होण्याआधीची प्रकरणे बँका आणि कंपन्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. तडजोड व्हावी, हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगला आहे. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी असतील तरच निकाल होतो, तिथे कोणावर काही लादता येत नाही. पण हे कागद ठोकभावात निघतात, जुन्याच पत्त्यांवर निघतात, आणि त्यांवर विधिसेवा प्राधिकरणाचे नाव असल्यामुळे गरीब माणूस ते समन्स समजतो. ज्या प्राधिकरणाचे काम गरिबाला आधार देण्याचे, त्याच्या नावाच्या कागदाने गरीब हादरावा, हे जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाने क्षणभरही चालवून घेऊ नये. ज्या कंपनीचे कागद ‘पत्ता सोडून गेले’ म्हणून परत आले, तिने पुन्हा तोच पत्ता दिला तर तिची यादी घेऊ नका. एकदा अशी यादी तोंडावर परत फेकली गेली की पुढची यादी तपासून येईल.

आता त्या दुचाकीवरच्या दोघांकडे वळू. नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले की एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सांगितले की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. सूक्ष्मवित्तासाठी तर वेळ याहून कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्याआधी २००७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात बजावले होते की वसुलीसाठी दांडगे पाठवणे चालणार नाही, वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे. एवढे सांगूनही सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या हजारीबागला काय झाले? ट्रॅक्टर ओढून नेणाऱ्या वसुलीवाल्यांनी एका शेतकऱ्याच्या गरोदर लेकीला त्याच ट्रॅक्टरखाली चिरडले. तेव्हा कुठे रिझर्व्ह बँकेने त्या वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करायला मनाई केली, आणि ती मनाईही काही महिन्यांतच उठली.

आमचा मुद्दा याच्याही पुढचा आहे. २०२२ च्या त्या परिपत्रकात कोणाकोणाच्या खाजगीपणाला धक्का लावू नये, याची यादी आहे : कर्जदाराचे कुटुंबीय, त्याच्यासाठी ओळख देणारे, त्याचे मित्र. या यादीत नंतर राहायला आलेला परका माणूस नाही. तो कुटुंबीय नाही, मित्र नाही, ओळखीचा तर नाहीच. ज्याचा कर्जाशी सर्वांत कमी संबंध, त्याचे नाव संरक्षणाच्या यादीतून सर्वांत आधी गळले! भारतात वसुलीच्या वागणुकीवर संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही, परिपत्रकांवर सगळा कारभार चालतो. अमेरिकेत असा कायदा १९७७ साली झाला. तिथे वसुलीवाला तिऱ्हाइताला गाठतो ते फक्त कर्जदाराचा ठावठिकाणा विचारण्यासाठी, त्या माणसावर कर्ज आहे हे त्याने सांगायचे नाही, आणि साधारणपणे एकदा विचारले की पुन्हा यायचे नाही. पाकिटावरसुद्धा हे वसुलीचे पत्र आहे असे कळेल असा शब्द छापायला बंदी. आणि इथे? इथे पाकिटावर ‘थकबाकीदार’ हा शब्द मुद्दाम ठळक छापतात, शेजाऱ्याने वाचावा म्हणून.

यात अब्रू जाते ती एकट्या नव्या भाडेकरूची नाही. जो निघून गेला त्याचीही जाते. दारावर ओरडून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्याबद्दल सगळ्यांना कळते की तो बुडवा आहे, आणि स्वतःची बाजू मांडायला तो तिथे नसतो. तो का गेला? मुद्दाम बुडवून पळणारे असतात, त्यांची पाठराखण आम्ही करणार नाही. त्यांना शोधा, कोर्टात खेचा. पण सोयाबीन हातचे गेले म्हणून, दुकान चालेना म्हणून, मजुरी मिळेना म्हणून या जिल्ह्यातून माणसे वर्षानुवर्षे बाहेर जातात. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून ऊसतोडीला जातात, रिसोड-मालेगावकडून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. बंद दारावर डकवलेली नोटीस त्यांच्यापर्यंत पोचत नाही, शेजाऱ्यापर्यंत पोचते. कर्जदाराला कळत नाही, गावाला कळते. वसुली होत नाही, बदनामी होते. मग असली पत्रे कोणाच्या भल्याची?

महाराष्ट्राला हे नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या वाड्यांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखते. ती त्यांनी बाहेर काढून जाळली, कारण कागद हीच सावकाराची ताकद होती. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबले. पण त्या सावकाराला निदान आपला कर्जदार तोंडाने ओळखता येत होता. भिवाचे कर्ज तो भिवाच्याच दारी मागत असे. आजच्या सावकाराला ना माणूस माहीत, ना गाव. त्याला दार तेवढे माहीत आहे.

काही देणी खरोखर जागेला चिकटतात, आणि त्यांत गफलत करून कोणी फसू नये. वीजबिलाची थकबाकी जागेबरोबर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान खटल्यात नियमांच्या आधारे तशी वसुली मान्य केली आहे. घरपट्टीचेही तसेच. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो जमीन घेणाऱ्याला झोपू देणार नाही, म्हणून घर-जमीन घेताना हे कागद पाहिलेच पाहिजेत. आणि घरच गहाण असेल, घरमालकाला २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर ते पाकीट परक्याचे म्हणून फेकू नका. आपला भाडेकरार घेऊन वकील गाठा. २०१६ च्या विशाल कलसारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा भाडेकरूंना संरक्षण दिले आहे. पण मोबाइलचा हप्ता, दुचाकीचे कर्ज, बचत गटाचे कर्ज, क्रेडिट कार्ड, यांतले काहीही भिंतीत मुरत नाही. पतमानांकनही माणसाचे असते, घराचे नसते. आधीच्या भाडेकरूने पैसे बुडवले म्हणून तुमचा सिबिल खाली जाणार नाही. शंका असेल तर वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागवून पाहता येतो.

‘टीव्ही उचलून नेऊ, गॅस उचलून नेऊ’ म्हणणाऱ्यांना एवढेच ऐकवा की दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० खुद्द कर्जदाराचीही अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्तीपासून वाचवते. ज्या कायद्याने कर्जदाराच्या चुलीवर हात टाकू दिला नाही, तो कायदा परक्याच्या चुलीवर टाकू देईल? न्यायालयाच्या हुकुमाशिवाय दोन पोरे येऊन काही उचलू लागली तर ती वसुली होत नाही, तो गुन्हा आहे. घरात घुसणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये बसते, धमकावणे कलम ३५१ मध्ये. ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून तक्रारदाराला परत पाठवणाऱ्या ठाणेदाराने ही दोन कलमे उघडून वाचावीत. कर्ज दिवाणी असेल. परक्या घराच्या दारात उभे राहून बाईला दमदाटी करणे दिवाणी नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि रोखठोक आहेत. पोस्टमनचा ‘पत्ता सोडून गेले’ हा शेरा आला की त्या पत्त्यावरची वसुली त्याच दिवशी बंद व्हावी, आणि पुन्हा पत्र धाडणाऱ्या संस्थेला दंड व्हावा, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा. तिऱ्हाइताचे संरक्षण त्यात शब्दशः लिहावे. हे मुंबईत होईल तेव्हा होईल. वाशिममध्ये त्यासाठी थांबायची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी बँकांची जिल्हा सल्लागार समिती बसते. तिथे पीककर्जाच्या टक्केवारीवर चर्चा होते. पुढच्या बैठकीत प्रत्येक बँकेला विचारावे की परत आलेल्या नोटिसा किती, त्यांतले किती पत्ते खोडले, आणि जिल्ह्यात तुमच्या नावाने फिरणारे एजंट कोण आहेत, त्यांची नावे लेखी द्या. ती यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लागावी. यादीत नसलेला माणूस वसुलीला आला तर लोकांनी काय समजायचे, हे मग सांगावे लागणार नाही.

आणि वाचकहो, तुम्ही घाबरू नका. परक्याच्या नावाचे पाकीट फोडू नका. त्यावर ‘हा इसम येथे राहत नाही’ असे लिहून, तारीख घालून ते पोस्टमनच्या हाती परत द्या. पाठवणाऱ्याला भाडेकराराची प्रत जोडून एक पत्र लिहा आणि पोच सांभाळून ठेवा. दारात आलेल्याला ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, त्यांचा फोटो काढा. त्याला आपल्या आधारकार्डाची प्रत देऊ नका, कसल्याही कागदावर सही करू नका, एक रुपयाही देऊ नका. आवाज चढला तर ११२ फिरवा. कायद्याची मदत हवी असेल तर विधिसेवेचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे वकील फुकट मिळतो. आणि शेजारच्या दारावर असे कोणी ओरडत असेल तर खिडकी लावून घेऊ नका. बाहेर या, त्या बाईच्या शेजारी उभे राहा.